सत्तांतराचा फोटो कसा काढायचा?

२० जानेवारी २००९. वॉशिंग्टनमध्ये दुपारचे बारा वाजले तेव्हा बराक ओबामा संगीत ऐकत होते. इट्झॅक पर्लमन यांचं व्हायोलिन, यो-यो मा यांचा चेलो, साथीला क्लॅरिनेट आणि पियानो. शपथ अजून व्हायची होती. पण अमेरिकेच्या राज्यघटनेची विसावी दुरुस्ती स्पष्ट सांगते की २० जानेवारीला दुपारी बाराच्या ठोक्याला जुन्या अध्यक्षांची मुदत संपते आणि नव्यांची सुरू होते. म्हणजे एवढी अफाट सत्ता या हातातून त्या हातात गेली तेव्हा कोणी उठून उभं राहिलं नाही, कोणी हात वर केला नाही, कोणी काही बोललंही नाही. समोर कॅमेऱ्यांची फौज टपून बसली होती, आणि त्यातल्या एकालाही तो क्षण टिपता आला नाही. टिपण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

गंमत पुढेच आहे. लोकांनी जे संगीत ऐकलं ते दोन दिवस आधी ध्वनिमुद्रित केलेलं होतं. एवढ्या थंडीत तारवाद्यं सुरात राहत नाहीत, म्हणून हा बंदोबस्त. कलावंत वाजवत होते हे खरं, पण कानावर पडत होतं ते ध्वनिमुद्रण. हे बाहेर आलं ते नंतर. 'गोठवणाऱ्या थंडीतही सूर तसूभर ढळले नाहीत' असं त्या दिवशी कोणा बातमीदाराने लिहिलं असेल, तर ते वाक्य चुकीचं ठरलं नाही, नुसतं हास्यास्पद ठरलं.

मग शपथ. इंग्रजीत तिचे शब्द अवघे पस्तीस. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी ती न वाचता सांगायला घेतली आणि त्यांच्याकडून शब्दांची जागा चुकली, ओबामा अडखळले. घटनेच्या दृष्टीने याने काही बिघडत नव्हतं, तरी शंकेला जागा नको म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हाइट हाउसच्या मॅप रूममध्ये शपथ पुन्हा झाली. या वेळी बायबल नव्हतं, टीव्हीचे कॅमेरे नव्हते. फोटो काढायला व्हाइट हाउसचे छायाचित्रकार पीट सूझा होते. २०१३ साली २० जानेवारी रविवारी आली, तेव्हा ओबामांनी रविवारी घरच्या घरी आणि सोमवारी सगळ्या जगासमोर अशी पुन्हा दोनदा शपथ घेतली. दोन कारकिर्दींत चार शपथा. फ्रँकलिन रूझवेल्ट यांना तेवढ्यासाठी चार निवडणुका जिंकाव्या लागल्या होत्या. सोमवारचा तो भव्य फोटो आजही सगळीकडे छापला जातो. त्यातला माणूस आदल्या दिवशीच शपथ घेऊन मोकळा झाला होता.

मला या सोहळ्याचं सगळ्यात मोठं नवल हेच वाटतं. सत्तांतर ही डोळ्यांना दिसणारी वस्तूच नाही. तिला अंगरूप देण्यासाठी उंचावलेला हात, ग्रंथ, जिना, झेंडे आणि तोफा लागतात. आणि हे सगळं पुढच्या पिढीपर्यंत पोहोचवायला एक चौकट आणि तिच्याखाली चार ओळी लागतात. चौकटीत काय मावतं आणि ओळींनी काय पेलायचं, हा वाटा नीट पडला की वृत्तांत जमतो.

चौकटीचं आधी पाहू. शपथविधीचा आज माहीत असलेला सर्वांत जुना फोटो ४ मार्च १८५७चा, जेम्स ब्युकॅनन यांच्या शपथेचा. कॅपिटॉलच्या बांधकामाच्या नोंदी करणाऱ्या जॉन वुड यांनी तो काढला. तेव्हा ओल्या काचपट्टीचं तंत्र होतं. पट्टी ओली असतानाच फोटो घ्यायचा, ओली असतानाच धुवायचा, आणि समोरच्या माणसांनी हलायचं नाही. हजारोंच्या गर्दीला हे कोण सांगणार?

आठ वर्षांनी, ४ मार्च १८६५ रोजी, अलेक्झांडर गार्डनर यांनी लिंकन यांच्या दुसऱ्या शपथविधीचा फोटो घेतला. मधोमध हातात कागद धरलेले लिंकन. वरच्या सज्जातल्या गर्दीतला एक चेहरा जॉन विल्क्स बूथचा असल्याचं मानलं जातं. बूथ त्या दिवशी तिथे हजर होता, आणि सहा आठवड्यांच्या आत त्यानेच लिंकन यांना गोळी घातली. काचपट्टी धुताना गार्डनरना याची काय कल्पना असणार! फोटो काढणाऱ्याला आपण नेमकं काय काढलं हे कळायला कधी कधी खुन्याने पुढचं पाऊल टाकावं लागतं.

आता त्याच दिवसाची दुसरी बाजू. सकाळपासून पाऊस होता, रस्त्यांवर चिखल माजला होता. लिंकन बोलायला उठले आणि ढग फाटून ऊन पडलं. हे आपल्याला कळतं ते नोआ ब्रुक्स या कॅलिफोर्नियाच्या वर्तमानपत्राच्या बातमीदारामुळे. गार्डनरच्या पट्टीवर तो बदल नाही. त्याआधी सेनेटच्या दालनात उपाध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन झिंगलेल्या अवस्थेत वाटेल ते बरळले, त्याचाही फोटो नाही, शब्दांतच ते उरलं. लिंकन यांचं भाषणही अवघ्या सातशे शब्दांचं, सात मिनिटांच्या आत संपलेलं. याउलट १८४१ साली विल्यम हेन्री हॅरिसन यांनी ८,४४५ शब्दांचं भाषण जवळजवळ दोन तास वाचलं आणि महिन्याभरात त्यांचं निधन झालं. लोक अजून त्या भाषणाची लांबी सांगतात, आशय कोणी सांगत नाही.

प्रकाशाचं गणित मात्र फोटोवाल्यांनी आधीच मांडून ठेवावं असं आहे. १९८१ साली रोनाल्ड रेगन यांच्यापासून शपथविधी कॅपिटॉलच्या पूर्वेकडून पश्चिमेकडच्या अंगाला आला. २० जानेवारीला दुपारी बारा वाजता वॉशिंग्टनमध्ये सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३१ अंश वर असतो. मुंबईत त्या दिवशी तो माथ्यावर येतो तेव्हा ५१ अंशांवर असतो, म्हणजे फरक लक्षात यावा. पश्चिमेला तोंड करून उभ्या असलेल्या अध्यक्षांच्या डाव्या गालावर हे तिरकं ऊन पडतं आणि उजवा गाल सावलीत जातो. बर्फ पडलेलं असेल तर तेच ऊन खालूनही उसळतं. १९६१ साली केनेडींच्या शपथविधीला आदल्या रात्रीच्या बर्फावरून आलेल्या झळाळीने रॉबर्ट फ्रॉस्ट यांना हातातला कागदच दिसेना. उपाध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी आपली हॅट पुढे धरून सावली करायचा प्रयत्न केला. शेवटी शहाऐंशी वर्षांच्या त्या कवीने नवी कविता बाजूला ठेवली आणि जुनी, पाठ असलेली म्हटली. त्या प्रसंगाचे फोटो फार सुंदर आहेत. कवीला आंधळं करणाऱ्या उजेडानेच ते सुंदर केले आहेत.

कधी उजेडच नसतो. ३ ऑगस्ट १९२३च्या पहाटे दोन वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी व्हरमाँटमधल्या प्लिमथ नॉच या खेड्यात कॅल्विन कूलिज यांना शपथ दिली ती त्यांच्या वडिलांनी. ते नोटरी होते. रॉकेलचा दिवा, घरातली बैठकीची खोली, मोजकी माणसं, आणि फोटो एकही नाही. चित्रकारांनी तो प्रसंग मागाहून रंगवला.

आणि कधी एकच छायाचित्रकार असतो. २२ नोव्हेंबर १९६३. डॅलसच्या विमानतळावर अध्यक्षांचं विमान, आत केनेडींचा मृतदेह, चिंचोळ्या जागेत दोन डझनांहून अधिक माणसं. सेसिल स्टॉटन सोफ्यावर चढून भिंतीला चिकटून उभे राहिले. हॅसलब्लाड कॅमेऱ्याची कळ दाबली आणि ती अडली. दुसऱ्यांदा दाबली, तेव्हा चालली. जॅकलिन केनेडींच्या कपड्यांवरचे रक्ताचे डाग दिसणार नाहीत असा कोन त्यांनी धरला. शपथ देत होत्या न्यायाधीश सेरा ह्यूज. आजवर अध्यक्षांना शपथ देणाऱ्या त्या एकट्याच स्त्री. विमान वॉशिंग्टनकडे उडालं आणि स्टॉटन फिल्म घेऊन डॅलसमध्येच उतरले, कारण देशाला नवा अध्यक्ष आहे हे देशाला दिसायला हवं होतं. घटनेनुसार जॉन्सन त्याआधीच अध्यक्ष झालेले होते. त्या फोटोची गरज कायद्याला नव्हती, लोकांना होती.

गर्दीच्या फोटोंबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण तिथे भलेभले फसतात. ज्वारीच्या शेताच्या बांधावर उभं राहिलं की पीक एकसंध भिंतीसारखं दिसतं. राखणीच्या माळ्यावर चढलं की ताटांमधली मोकळी जमीन दिसू लागते. हाच हिशेब इथे. समजा, कॅमेरा लोकांच्या डोक्यांपेक्षा वीस मीटर उंच आहे आणि तो पाचशे मीटरवरच्या माणसाकडे रोखलाय. पावणेदोन मीटरचा तो माणूस आपल्या मागची चाळीसएक मीटर जमीन झाकून टाकतो! एकामागे एक माणसं चाळीस मीटर अंतरावर उभी असली तरी खचाखच वाटतील. तोच कॅमेरा दीडशे मीटर उंच नेला की झाकली जाते फक्त सहाएक मीटर.

वॉशिंग्टन स्मारक १६९ मीटर उंच आहे. २०१७ साली डोनाल्ड ट्रम्प यांच्या शपथविधीला रॉयटर्सचे लुकस जॅक्सन त्याच्या माथ्यावरून फोटो घेत होते. तो फोटो आणि २००९चा तिथूनच घेतलेला फोटो शेजारी शेजारी छापले गेले आणि भडका उडाला. गवत जपण्यासाठी अंथरलेल्या पांढऱ्या आच्छादनामुळे रिकाम्या जागा आणखी ठळक दिसत होत्या. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसचे प्रवक्ते शॉन स्पायसर यांनी, एवढ्या लोकांनी आजवर एकही शपथविधी पाहिला नव्हता, असा दावा केला. ट्रम्प यांना व्यासपीठावरून अथांग गर्दी दिसली असणार यात मला शंका नाही. त्या उंचीवरून तसंच दिसतं. म्हणून गर्दीच्या फोटोखाली वेळ आणि उंची लिहावी, आकडा शक्यतो लिहूच नये. तिथल्या मैदानाचा कारभार पाहणाऱ्या राष्ट्रीय उद्यान सेवेनेही १९९५च्या मोठ्या मोर्च्यावरून वाद झाल्यानंतर आकडे देणं सोडून दिलं आहे.

२००९च्या सोहळ्याचा आणखी एक फोटो मला वेड लावतो. डेव्हिड बर्गमन यांनी साधा खिशात मावणारा कॅमेरा एका यांत्रिक मानेवर बसवून कठड्याला जखडला. ओबामांचं भाषण चालू असताना त्या यंत्राने डावी-उजवी, वर-खाली करत २२० फोटो घेतले. ते जोडून १,४७४ मेगापिक्सेलचं एकच चित्र झालं. आत शिरत गेलं की शेकडो चेहरे ओळखू येतात. यो-यो मा आपल्या आयफोनवर फोटो काढताना सापडतात. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांचे डोळे मिटलेले दिसतात आणि लोक लगेच 'झोपले!' म्हणतात. पण सबंध चित्र एका क्षणाचं नाहीच. एका कोपऱ्यातला माणूस आणि दुसऱ्या कोपऱ्यातला माणूस यांच्यात काही मिनिटांचं अंतर आहे. आणि मिटलेले डोळे म्हणजे झोप की पापणी लवली, हे कुठल्याही मेगापिक्सेलला सांगता येत नाही. फोटोओळीत 'डोळे मिटलेले' एवढंच लिहावं.

२०२१ साली तर शपथ जो बायडन यांनी घेतली आणि जगभर फिरला तो लोकरी हातमोजे घालून, घडी घातल्या हातांनी एकटे बसलेल्या बर्नी सँडर्स यांचा फोटो. एएफपीच्या ब्रेंडन स्मायलोव्स्की यांनी काढलेला. सगळ्यांच्या भिंगांचं तोंड एकीकडे असताना अधूनमधून मान वळवावी, एवढं त्यातून घेता येईल.

आता ओळींकडे. 'दिमाखदार', 'डोळ्यांचं पारणं फेडणारा', 'टाळ्यांच्या कडकडाटात', 'उसळलेला जनसागर' हे शब्द मी उपसंपादकाच्या हाताबाहेर, उंच फडताळात ठेवले असते. 'ऐतिहासिक' तर कुलपात. त्या जागी बोटांनी धरता येईल असं काही लिहावं: ओबामांचा हात ज्यावर होता ते बायबल १८६१ साली लिंकन यांच्या शपथेला वापरलेलं होतं, हे एक वाक्य दहा विशेषणांचं काम करतं. बारापर्यंत 'नियोजित अध्यक्ष', बारानंतर 'अध्यक्ष', शपथ लांबली तरी. वाऱ्याने कोणाचा कागद उडाला, जुने अध्यक्ष कुठल्या वाहनाने गेले, टाळ्या कोणत्या वाक्यावर पडल्या नाहीत, हे टिपायला कॅमेरा तोकडा पडतो. तिथे वही हवी.

मराठी वर्तमानपत्रांची पंचाईत घड्याळाची. वॉशिंग्टनची दुपार म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. डाक आवृत्तीची पानं बऱ्याचदा त्याआधीच सुटतात, आणि शहर आवृत्तीला अर्ध्या-पाऊण तासात मथळा, फोटो आणि ओळ लागते. मग ओळ आधीच रचून ठेवायची, हा सगळ्या जगाचा रिवाज आहे, आणि त्यात गैर काही नाही. फक्त आलेला फोटो त्या ओळीशेजारी ठेवून एकदा पाहायचा. २०२५ साली कडाक्याच्या थंडीमुळे सोहळा कॅपिटॉलच्या घुमटाखाली आत हलवला गेला, १९८५ साली रेगन यांच्या वेळी हलवला होता तसा. म्हणजे 'कॅपिटॉलच्या पायऱ्यांवर' हे शब्द गेले. मेलानिया ट्रम्प शेजारी दोन बायबलं धरून उभ्या होत्या आणि ट्रम्प यांचा डावा हात त्यांच्या अंगालगत खालीच राहिला. घटनेला ग्रंथ लागतच नाही. जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी कायद्याच्या पुस्तकावर शपथ घेतली होती, थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०१ साली पुस्तकाविनाच. पण त्या रात्री जिथे जिथे फोटोओळ तयार होती, तिथे 'बायबलवर हात ठेवून' हे तीन शब्द खोडायला कोणीतरी फोटोकडे नीट पाहणारं जागं असायला हवं होतं.