बाबागाडी घ्यायची, पण कोणाच्या हातांसाठी?

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत परगावी, कधी परदेशी स्थायिक झालेला मुलगा अथवा मुलगी नातवंडासह घरी येते. मग कुलदैवताचे दर्शन, कोकणातले मूळ घर, जमल्यास दोन दिवस महाबळेश्वर असा बेत ठरतो, आणि त्याच्या आधी चार-आठ दिवस घरात एक खोके येऊन पडते. त्यात असते घडी होणारी, हलकी बाबागाडी. ती निवडलेली असते मुलाने किंवा सुनेने, मोबाइलच्या पडद्यावर, रंग आणि किंमत पाहून. प्रत्यक्ष प्रवासात मात्र तरुण मंडळी सामान, तिकिटे आणि टॅक्सीवाला यांच्या मागे असतात आणि बाबागाडीचा दांडा येतो आपल्या हाती. साठी-सत्तरी ओलांडलेल्या हातांनी ती उघडायची, मिटायची, पायऱ्यांपाशी उचलायची आणि उतारावर रोखायची असते. म्हणून ही खरेदी चालू असताना ‘मला त्यातले काय कळते’ असे म्हणून आपण बाजूला होऊ नये. गाडी पैसे कोण देणार हे पाहून नव्हे, तर ती कोण ढकलणार हे पाहून निवडावी.

एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. आज जगभर दिसणारी हलकी, मिटणारी बाबागाडी मुळात एका आजोबांनी घडवली. ओवेन मॅक्लारेन हे इंग्लंडमधले वैमानिकी अभियंता. दुसऱ्या महायुद्धातील प्रसिद्ध स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर त्यांनी काम केले होते. १९६५ साली त्यांची मुलगी तान्ह्या बाळासह मॉस्कोहून माहेरी आली. प्रवासात तिच्या जड, अवजड बाबागाडीने तिला किती दमवले, हे त्यांनी पाहिले. विमानाची चाके आत मिटतात, तर गाडी का मिटू नये, या विचाराने त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी तयार केली. तिचे वजन जेमतेम पावणेतीन किलो होते. नातवंडासाठी धडपडणाऱ्या निवृत्त माणसाच्या हातून हा शोध लागला, याचे मला नेहमीच कौतुक वाटते.

आता वजनाविषयी. प्रवासी बाबागाड्या साधारणपणे पाच ते सात किलोंच्या असतात आणि जाहिरातीत हाच आकडा ठळक छापलेला असतो. पण हा आकडा रिकाम्या गाडीचा असतो. बाळाची पिशवी, पाण्याची बाटली, खाली ठेवलेला खाऊचा डबा धरून दोन-तीन किलो वाढतात, आणि वर्षभराचे मूल स्वतः नऊ-दहा किलोंचे असते. रेल्वेच्या पुलापाशी किंवा देवळाच्या पायऱ्यांपाशी ‘चार तर पायऱ्या आहेत’ म्हणून बाळासकट गाडी उचलली, की सोळा ते वीस किलो वजन, तेही शरीरापासून दूर धरलेले, कमरेवर येते. ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत, विशेषतः रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांच्या बाबतीत, पुढे वाकून असे वजन उचलताना पाठीचा मणका दबून मोडू शकतो. त्यासाठी पडावे लागत नाही. शिवाय हात निसटला तर बाळही गाडीसकट खाली जाते. तेव्हा नियम एकच ठेवावा. पायरी आली की बाळ काढून एकाने कडेवर घ्यावे आणि मिटलेली गाडी दुसऱ्याने उचलावी. सोबत दुसरे कोणी नसेल तर हमालाला किंवा शेजारच्या तरुण प्रवाशाला हाक मारण्यात कमीपणा नाही. सरकत्या जिन्यावर तर बाबागाडी नेऊच नये. लिफ्ट शोधण्यात गेलेली पाच मिनिटे वाया जात नाहीत.

दुकानात गेल्यावर विक्रेता एका झटक्यात गाडी मिटवून दाखवतो. ते पाहून भुलू नये. तो दिवसातून पन्नास वेळा हेच करतो. आपण स्वतः, कोणाची मदत न घेता, तीनदा उघडून आणि तीनदा मिटवून पाहावी. अंगठ्याने जोर देऊन दाबायचा खटका असेल आणि अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ येत असेल, तर ती गाडी आपली नव्हे. बाळाला वारंवार उचलणाऱ्या आया आणि आज्यांना मनगटाचे हे दुखणे नेहमी जडते. अशा खटक्याने ते वाढेल. खाली वाकून, कमरेखाली हात घालून ओढावी लागणारी कळही गुडघे आणि पाठ दुखणाऱ्यांना नकोशी होते. दांड्यावरच असलेली, एका हाताने वापरता येणारी कळ उत्तम.

घडीचे मुख्य प्रकार दोन. छत्रीसारखी मिटणारी गाडी लांब काठीसारखी होते; ती कोपऱ्यात उभी राहते, रिक्षात पायांशी किंवा पाठीमागे मावते. चौकोनी घडीची गाडी बॅगेएवढी होते. महाराष्ट्रात टॅक्सीने फिरायचे असेल तर ही चौकोनी घडी फायद्याची ठरते, कारण बहुतेक टॅक्सींच्या डिकीत सीएनजीची टाकी बसवलेली असते आणि उरलेल्या चिंचोळ्या जागेत मीटरभर लांबीची काठी सामानासह जात नाही. विमानप्रवासातही तसेच. लहान बाळाची गाडी बहुतेक विमान कंपन्या वेगळे पैसे न घेता नेतात आणि पुष्कळदा विमानाच्या दारापर्यंत वापरू देतात. तिथे ती कर्मचारी घेतात आणि सामानाच्या कप्प्यात ठेवतात. गाडी आत, डोक्यावरच्या कप्प्यात न्यायची असेल तर आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेने हातातील सामानासाठी सुचवलेले ५६ × ४५ × २५ सेंटिमीटर हे माप लक्षात ठेवावे. तरीही प्रत्येक कंपनीचा नियम निराळा असतो, म्हणून तिकीट काढतानाच विचारावे. आणि आणखी एक प्रश्न आवर्जून विचारावा: उतरल्यावर गाडी विमानाच्या दाराशी मिळेल की सामानाच्या पट्ट्यावर? दुसरे उत्तर आले, तर त्या लांबलचक चालीत झोपलेले बाळ कोणाच्या खांद्यावर असेल, हे घरीच ठरवून घ्यावे. तो खांदा आपला असू नये, असे मी स्पष्टच सांगेन.

दांड्याची उंची हा विषय दुकानात कोणी काढत नाही. दांडा हातात धरून सरळ उभे राहावे. कोपर किंचित वाकलेले, खांदे सैल आणि पाठ ताठ राहिली पाहिजे. दांडा फार खाली असेल तर माणूस नकळत पुढे झुकतो, आणि तासाभरात मान व कंबर धरते. उंच आजोबा आणि ठेंगण्या आजी दोघेही ढकलणार असतील तर उंची कमी-जास्त करता येणारा दांडा घ्यावा, थोडे पैसे जास्त पडले तरी. त्याच वेळी चालूनही पाहावे. पाऊल टाकताना बोटे मागच्या आसाला आपटत असतील तर ती गाडी आपल्या चालीची नाही.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगणे भाग आहे, कारण ती आपल्या वयाशी थेट निगडित आहे. चालताना तोल सावरण्यासाठी पुष्कळ ज्येष्ठ मंडळी बाबागाडीच्या दांड्यावर भार टाकतात. जड, जुन्या धाटणीची गाडी हा भार काही प्रमाणात सोसते. हलकी गाडी सोसत नाही. ती पुढे पळते, किंवा दांड्यावर जोर पडताच मागे कलंडते. ज्यांना एरवी काठी लागते त्यांनी बाबागाडीला काठी समजू नये. त्यांनी नातवाशेजारून चालावे, त्याच्याशी बोलावे. गाडी दुसऱ्याने ढकलावी. दांड्याला भरलेली पिशवी अडकवण्याची सवयही अशीच घातक. बाळ आत असते तोवर तोल राहतो, आणि बाळाला उचलताच गाडी मागे उलटते; कधी बाळ आत असतानाही. दूर आणि जवळ असे दोन्ही दिसणारा चष्मा लावणाऱ्यांनी पायऱ्या आणि खाचखळगे अधिक जपून पाहावेत, कारण काचेच्या खालच्या भागातून जमीन अंधूक दिसते आणि पुढ्यात गाडी असल्याने पावलेही झाकली जातात. नऊवारी, पाचवारी किंवा धोतर नेसणाऱ्यांनी सोगा आणि निऱ्या चाकांत जाणार नाहीत इतकी वर खोचलेली बरी.

ब्रेक हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. १५ ऑक्टोबर २००९ रोजी ऑस्ट्रेलियात, मेलबर्नच्या ॲशबर्टन स्थानकावर एका आईचा हात क्षणभर दांड्यावरून सुटला. बाबागाडी फलाटावरून घरंगळत रुळांवर पडली आणि त्याच वेळी येणाऱ्या गाडीने तिला पुढे ढकलत नेले. सहा महिन्यांचे ते बाळ डोक्याला आलेल्या टेंगळावर बचावले. पाणी वाहून जावे म्हणून फलाटाला किंचित उतार दिलेला असतो. तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. चाकांना बरोबर कळतो. म्हणून फलाटावर थांबताना गाडीचे तोंड रुळांकडे किंवा रुळांच्या विरुद्ध दिशेलाही ठेवू नये. ती रुळांना समांतर, भिंतीच्या बाजूला उभी करावी, ब्रेक लावावा, बाळाचा पट्टा बांधलेला असावा आणि तरीही एक हात दांड्यावर असावा. दांड्याला मनगटात अडकवायची दोरी असेल तर ती वापरावी.

दुकानात ब्रेक आपल्या रोजच्या चपलांनीच लावून पाहावा. काही गाड्यांचा ब्रेक लागतो पायाने दाबून, पण सुटतो बोटांनी वर उचलून. बूट घालणाऱ्याला ते जाणवत नाही. चपलेतून बाहेर आलेल्या बोटांना, मधुमेहाने संवेदना कमी झालेल्या पायांना ते इजा करू शकते. दाबून लागणारा आणि दाबूनच सुटणारा, एका पायात दोन्ही चाके रोखणारा ब्रेक घ्यावा. ब्रेक लावून, रिकामी गाडी उतारावर ठेवून, ती हलते का ते पाहावे.

आता बाळाकडे वळू या. हलक्या प्रवासी गाड्यांतील पुष्कळशा बसण्याच्या स्थितीतल्या असतात. ज्या बाळाची मान अजून धरलेली नाही, त्याला अशा गाडीत ठेवू नये. हनुवटी छातीवर टेकून त्याचा श्वास अडू शकतो. साधारण सहा महिन्यांखालील बाळासाठी पाठ पूर्ण आडवी होणारी गाडीच हवी. मोठ्या बाळासाठी दोन खांदे, दोन कमरेच्या बाजू आणि पायांमधून येणारा असा पाच टोकांचा पट्टा असावा, आणि तो दर वेळी बांधावा. ‘इथेच तर जायचे आहे’ हे कारण चालत नाही. युरोपातील ईएन १८८८ किंवा अमेरिकेतील एएसटीएम एफ८३३ या मानकांची नोंद गाडीवर आहे का, हेही पाहून घ्यावे.

गाडी मिटताना आणि उघडताना मूल कोठे आहे, याची खात्री करावी. २००९ साली अमेरिकेत मॅक्लारेन कंपनीच्याच सुमारे दहा लाख गाड्यांच्या बिजागऱ्यांवर आवरणे बसवावी लागली, कारण बिजागरीत सापडून बारा मुलांच्या बोटांची टोके तुटल्याच्या तक्रारी आल्या होत्या. नवी गाडी घेताना बिजागऱ्या झाकलेल्या आहेत ना, हे बोट फिरवून तपासावे.

उन्हाविषयी आपल्या पिढीची एक सवय सोडावी लागेल. ऊन लागू नये म्हणून आपण गाडीवर दुपटे किंवा ओढणी पांघरतो. पातळ सुती कापड असले तरी आतली हवा खेळत नाही आणि काही मिनिटांतच गाडीच्या आत बाहेरच्यापेक्षा अधिक उकडते. शिवाय बाळाचा चेहरा आपल्याला दिसत नाही. खालपर्यंत येणारा टप आणि पाठीला जाळी असलेली गाडी घ्यावी, बाळ सावलीत न्यावे आणि दुपारी बारा ते चार गाडी फिरवूच नये.

आणि काही ठिकाणी बाबागाडी न नेणेच शहाणपणाचे. माथेरानला मोटारगाड्यांना बंदी असल्याने ही गाडी उपयोगी पडेल असे वाटते; पण तेथील तांबड्या मातीत आणि दगडांत छोटी चाके रुततात. गणपतीपुळ्याच्या वाळूतही तेच. रायगडावर रोपवेने वर पोचता येते, मात्र गडावरची वाट चाकांची नाही. अशा वेळी बाळ बाबाच्या छातीशी बांधलेल्या झोळीत बरे, आणि गाडी मुक्कामी राहिलेली बरी. कोकण रेल्वेच्या लहान स्थानकांवर गाडी एक-दोन मिनिटेच थांबते. तेथे चढायचे असेल तर गाडी दिसण्याआधीच बाबागाडी मिटलेली आणि बाळ कडेवर असले पाहिजे. डब्यातल्या अरुंद वाटेत उघडी गाडी सरकत नाही. प्रवासाच्या आदल्या दिवशी अंगणात किंवा इमारतीच्या गच्चीवर दोन्ही आजी-आजोबांनी उघडणे, मिटणे, ब्रेक आणि पट्टा यांची रंगीत तालीम करावी. बाळाच्या जागी पाच किलोंची तांदळाची पिशवी बसवली की काम भागते.

परत आल्यावर चाके पाण्याने न धुता आधी कोरड्या ब्रशने झटकावीत, कारण आसात गेलेली वाळू पाण्याने आणखी आत बसते. मग ओल्या फडक्याने पुसून, सावलीत वाळवून, गाडी मिटलेल्या अवस्थेत कपाटाच्या मागे ठेवावी. आणि पुढच्या सुट्टीत ती बाहेर काढाल तेव्हा पट्ट्याची लांबी व बक्कल पुन्हा तपासावे, कारण तोवर नातू दोन-तीन किलोंनी वाढलेला असेल.