सोपाऱ्याचें बंदर आणि तापीवरील नाव

रोमन काळांतील बंदर म्हटलें, कीं आपली दृष्टि भूमध्य समुद्राकडे धांवते. परंतु त्या काळचें एक बंदर आपल्या कोंकणांतच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक नौकानयन-ग्रंथांत ज्याचें नांव 'सुप्पारा' असें येतें, तेंच वसईजवळचें सोपारा.

जळगांव-धुळ्याच्या मंडळींनीं तेथें जातांना संगमरवरी खांबांची अपेक्षा ठेवूं नये. खाडी गाळानें बुजत गेली व गलबतें थांबलीं. पाहावयाचा तो विटांचा एक भग्न स्तूप. लोक त्यास बुरूड राजाचा कोट म्हणत. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो खणला. आंत दगडी पेटी, तींत तांब्याचा करंडक, त्यांत एकांत एक रुप्याचा, दगडाचा, स्फटिकाचा व सोन्याचा. आणि सोन्याच्या करंडकांत काय, तर मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे! त्याच वर्षीं अशोकाच्या आठव्या आज्ञेचा शिलाखंडही सोपाऱ्यास सांपडला.

मग एवढें मोठें बंदर चाललें कशावर? याचें उत्तर नाशिकच्या लेण्यांत आहे. क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात तेथील लेखांत सांगतो, कीं आपण भडोच, सोपारा इत्यादि ठिकाणीं धर्मशाळा बांधल्या आणि पार, दमण वगैरे नद्यांसह तापीवरही विनामूल्य नावा ठेविल्या. बंदर समुद्राकांठीं वसतें खरें. पण तें जगतें वाटसरूंवर. वाटेंत नदी अडली, तर बंदरही अडतें.

म्हणून सोपाऱ्याचा तो विटांचा ढीग पाहतांना आपली तापीही आठवावी. आणि तेथील खापराचा तुकडासुद्धां उचलूं नये. मातीचे तुकडे सोन्यांत जपणाऱ्यांचें तें गांव आहे.