महालक्ष्म्यांपुढील आरास व छायेचा रंग

भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर आमच्या डोंगरकड्यास महालक्ष्म्यांचे आगमन होते. त्यांच्यापुढे मातीची वीतभर चित्रे मांडावयाची : दळणारी स्त्री, बैलजोडी, टाळकरी. नुसता सपाट रंग दिलेले चित्र निर्जीव भासते. लुगड्याच्या निऱ्यांत, बोटांच्या बेचक्यांत गडद छटा उतरली की ते जिवंत होते. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात, चित्रसूत्रात, या छायांकनास ‘वर्तना’ अशी संज्ञा असून तिचे तीन प्रकार सांगितले आहेत.

घाईच्या वेळी एक युक्ती योजितात. रंगविलेले चित्र पातळ गडद द्रवात बुडवून निथळत ठेवावे, म्हणजे छटा खोबणींत आपोआप साचते. पण द्रव कोणता? एका वर्षी मी काळी शाई पाण्यात कालवून तीत टाळकरी बुडविला. पोस्टर रंग ओघळला, कच्ची माती विरघळली, आणि नातवंडांसमोर हे शास्त्रीबुवा ओशाळले! पाण्याच्या रंगावर पाण्याची बुडी चालत नाही. तेथे तपकिरी छटेचे तैल व्हार्निश घ्यावे. काळ्याने चेहरे काजळी धरल्यासारखे दिसतात. पायाशी साचलेला थेंब कुंचल्याने टिपावा. हे काम समईजवळ मात्र करू नये, व्हार्निश चटकन पेट घेते.

अर्थात ही बुडी वर्षानुवर्षे पेटीत जपावयाच्या भाजलेल्या चित्रांपुरतीच. पोळ्याचे मातीचे बैल वा शाडूचा गणपती, ज्यांचे विसर्जन व्हावयाचे, त्यांस व्हार्निश वर्ज्य समजावे. त्याचा थर पाण्यात विरत नाही. तेथे पातळ गेरू घेऊन जवळजवळ कोरडा कुंचला खोबणींतून फिरवावा. वेळ लागतो, लागू द्यावा. महालक्ष्म्यांचे मुखवटे मात्र कशातही बुडवू नयेत.