ट्रेकिंग पोल खरंच उपयोगी पडतो का? संशोधनाचा प्रश्न कसा मांडायचा ते यावरून पाहू



पावसाळा लागला की नाशिकहून अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहरकडे गाड्या सुटतात आणि ट्रेकच्या ग्रुपमध्ये एक वाद हमखास रंगतो. एक म्हणतो, "पोल घ्या, गुडघे वाचतात." दुसरा म्हणतो, "डोंगरातली माणसं साध्या काठीवर आयुष्य काढतात, कशाला खर्च?" दोघंही आपापल्या अनुभवावरून बोलतात, त्यामुळे वाद मिटत नाही. पेटची तयारी करताना "रिसर्च क्वेश्चन" या शब्दाला अडखळणाऱ्यांसाठी हे उदाहरण मला फार सोयीचं वाटतं.

आधी "उपयोग" म्हणजे काय ते ठरवा

"पोलचा उपयोग होतो का?" हा प्रश्न मोजता येत नाही. त्याचे तुकडे केले की येतो: गुडघ्यावरचा भार कमी होतो का? दुसऱ्या दिवशी स्नायू कमी दुखतात का? दम कमी लागतो का? तोल सांभाळला जातो का? हे चार वेगळे प्रश्न आहेत, चौघांची मोजमापं वेगळी आहेत. उत्तरंही एकसारखी नाहीत.

गुडघा

1999 मध्ये श्वामेडर आणि सहकाऱ्यांनी आठ पुरुषांना 25 अंशांच्या उतारावर पोलसह आणि पोलशिवाय चालवलं. 25 अंश म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना साधारण 47 मीटर खाली, म्हणजे चांगलाच तीव्र उतार. पोल वापरल्यावर जमिनीची प्रतिक्रिया आणि गुडघ्याच्या सांध्यावरचे भार साधारण 12 ते 25 टक्क्यांनी कमी भरले. कारण सरळ आहे: वजनाचा काही वाटा हातांवाटे जमिनीत जातो.

पण हा आकडा "पोल घेतला की गुडघेदुखी 25 टक्के कमी" असा वाचू नका. मोजलाय तो भार, दुखणं नव्हे. आणि मोजलाय तो एका रॅम्पवर, आठ जणांवर.

स्नायू

उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो. या कामात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, म्हणून साल्हेर उतरून आल्यावर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. इजा झाली की क्रिएटिन कायनेज नावाचं एन्झाइम रक्तात वाढतं.

2011 मध्ये हॉवटसन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 37 जणांनी वेल्समधला स्नोडन (1085 मीटर) चढून उतरला, काहींनी पोल घेऊन, काहींनी न घेता. पोलवाल्यांचं दुखणं कमी होतं, पायांची ताकद कमी घटली, आणि 24 तासांनी रक्तातलं एन्झाइमही कमी होतं.

इथे दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

पहिली: हातात पोल आहे हे माणसाला दिसतंच, ते लपवता येत नाही. "मला कमी दुखतंय" यात मनाचा भाग असू शकतो. पण रक्तातल्या एन्झाइमला पोल आवडला की नाही याचा पत्ता नसतो. म्हणून सांगितलेलं दुखणं आणि मोजलेलं चिन्ह दोन्ही घ्यायचं.

दुसरी: श्वामेडरच्या प्रयोगात तीच माणसं दोन्ही प्रकारे चालली, इथे मात्र दोन गट आहेत. असं का? पावलागणिक पडणारा भार त्याच क्षणी संपतो, म्हणून त्याच माणसावर पुन्हा मोजता येतं. स्नायूंचं तसं नाही. एकदा मोठी उतराई झाली की ते सरावतात आणि पुढच्या वेळी तेवढं दुखत नाही. याला रिपीटेड बाउट इफेक्ट म्हणतात. त्याच लोकांना आधी पोलशिवाय आणि पंधरा दिवसांनी पोलसह नेलं, तर श्रेय सरावाचं की पोलचं, हे सांगता येणार नाही. व्हायवात "हेच डिझाइन का?" असं विचारतात तेव्हा अशा कारणाची अपेक्षा असते.

दम आणि तोल

इथे उत्तर उलटतं. पोलमुळे दंड-खांदेही कामाला लागतात, त्यामुळे हृदयावरचा ताण आणि ऊर्जेचा खर्च थोडा वाढू शकतो. गंमत म्हणजे माणसाला श्रम वाढल्यासारखे वाटतातच असं नाही. तोलाच्या बाबतीत मात्र आधाराचे बिंदू वाढल्याचा फायदा होतो, विशेषतः पाठीवर ओझं असताना.

मग हरिहरला न्यायचा का?

हा प्रश्न बाह्य वैधतेचा आहे: तिकडचा निष्कर्ष इकडे लागू पडतो का? हरिहरच्या उभ्या कातळकोरीव पायऱ्यांवर हात रोवायला खोबण्या आहेत. तिथे दोन्ही हात मोकळे हवेत, पोल सॅकमध्येच. मनगटाला लटकणारा पोल तर पायात येऊन घात करेल. कळसूबाईच्या शिड्यांवरही तेच. पण साल्हेरच्या (1567 मीटर) लांब उतारावर, घसाऱ्यावर आणि पावसाळी चिखलवाटेवर पोल कामाला येतो. गुडघ्याची तक्रार असेल किंवा पाठीवर मुक्कामाची सॅक असेल, तर नक्की न्या. उतरताना त्याची लांबी थोडी वाढवा.

आणि काठीचं काय? वरचे दोन्ही प्रयोग पोलवर झालेत, बांबूच्या एका काठीवर नाही. ते निष्कर्ष काठीला तसेच चिकटवता येत नाहीत, पण "मग काठी निरुपयोगी" असंही सिद्ध होत नाही.

तुमच्यासाठी काम

अंजनेरीच्या वाटेवर "एक काठी विरुद्ध दोन पोल" असा अभ्यास करायचाय असं समजा. पाच ओळींत लिहा: काय मोजणार, कधी मोजणार, गट कसे पाडणार, सगळ्यांसाठी काय सारखं ठेवणार (सॅकचं वजन, बूट, वेळ), आणि पहिल्यांदाच ट्रेकला येणाऱ्याला सराईत ट्रेकरच्या गटात घालणार का. शेवटच्या ओळीवर जरा जास्त वेळ द्या. रिपीटेड बाउट इफेक्ट तिथेच आडवा येतो.