समुद्रकाठची सायकल : तिथी पाहून निघा

आमच्या वस्तीत सायकली पुष्कळ आहेत. चालताना मात्र थोड्याच दिसतात. गल्लीतून एक फेरी मारा. माळ्याच्या शिडीला नायलॉनच्या दोरीने बांधलेली एक, पाण्याच्या पिंपामागे उभी केलेली एक, एखादी तर पत्र्यावर चढवून ठेवलेली. मुलाने दहावीत चांगले मार्क मिळवले म्हणून घेतलेली, किंवा वडील नाइट ड्यूटीला जायचे तेव्हाची. आता ती कुणी चालवत नाही, आणि त्याचे कारण आळस नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीतला बारावीतला मुलगा क्लासला जाताना मोठ्या गाडीच्या धक्क्याने पडला आणि मांडीचे हाड मोडून चार महिने घरी बसला. त्यानंतर आयांनी सायकलींना कुलपे घातली. त्यांना आम्ही चूक म्हणणार नाही.

पण त्याच गल्लीत साखरेचे आणि बी.पी.चे रुग्ण वाढत आहेत. डॉक्टर सांगतात, ‘रोज चाला.’ चाळिशी ओलांडलेल्या ताई विचारतात, गुडघे दुखतात, कसे चालू? अशा माणसाला सायकल उपयोगी पडते. चालताना शरीराचा सगळा भार गुडघ्यावर येतो, सायकलवर त्यातला बराच सीटवर जातो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम करायला सांगते आणि 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटे. मध्यम म्हणजे किती? सायकल चालवताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका दम लागला म्हणजे मध्यम.

प्रश्न उरतो तो जागेचा. गाडी अंगावर येणार नाही अशी वाट आपल्याला मिळणार कुठे? पश्चिम उपनगरातल्या वाचकांसाठी आमचे उत्तर आहे जुहू. जुहूचा रस्ता नव्हे, जुहूची वाळू.

ओहोटीला जुहूचे पाणी खूप मागे जाते आणि ओल्या वाळूचा रुंद, सपाट पट्टा उघडा पडतो. लाटेने नुकताच सोडलेला गडद रंगाचा भाग पायाने दाबून पाहा, जमिनीसारखा टणक लागतो. त्यावर साधी सायकल चालते. वरच्या कोरड्या, पांढुरक्या वाळूत तिचे चाक रुतते. हा टणक पट्टा चार-पाच किलोमीटर मिळतो आणि त्यावर सिग्नल नाही, रिक्षा नाही, मागून हॉर्न नाही. जाऊन-येऊन साधारण पाऊण ते एक तास लागतो. आठवड्यातून तीनदा गेलात की 150 मिनिटे भरली.

मात्र ही वाट रोज एकाच वेळी मिळत नाही, आणि बरेच लोक इथेच फसतात. रविवार आहे म्हणून मुलांना घेऊन सकाळी सहाला जातात, तर पाणी पार वरपर्यंत आलेले. मग ‘वाळूवर काय सायकल चालते होय’ म्हणत परत येतात. भरती-ओहोटीला रविवार कळत नाही, तिला चंद्र कळतो. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो, तशी भरतीही रोज पाऊण तास पुढे सरकते. यावरून कोकणातल्या दर्यावर्दी लोकांचा एक जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. ओहोटी तिच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर. यात पोथी-मुहूर्ताचा काही संबंध नाही, हा निव्वळ चंद्राच्या ओढीचा गुणाकार आहे.

उदाहरण घेऊ. तृतीया आहे. तीनची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे भरती दुपारी आणि रात्री सव्वादोनच्या सुमारास, आणि ओहोटी सकाळी सव्वाआठच्या सुमारास. सायकलीला उत्तम. अष्टमी घ्या. आठची पाऊणपट सहा. सकाळी सहाला पाणी भरलेले, ओहोटी थेट दुपारी बाराला, उन्हात. शिवाय अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी मागे जाते तेही थोडेच. त्या दिवशी जाऊ नये. पौर्णिमा आणि अमावास्या या पंधराव्या तिथ्या, त्यांची भरती साडेअकरा-बाराला आणि ओहोटी पहाटे साडेपाच-सहाला. त्या दिवसांत उधाण असते, त्यामुळे पाणी जसे जास्त चढते तसे जास्त उतरतेही, आणि वाळू सर्वात रुंद तेव्हाच मिळते. पौर्णिमेपासून चतुर्थीपर्यंत पाच सकाळी आणि अमावास्येपासून चतुर्थीपर्यंत पाच, अशा महिन्याला दहा सकाळी होतात. घरातल्या कॅलेंडरवर त्या दहा तारखांना पेन्सिलीने गोल करून ठेवा. पौर्णिमेच्या तारखा तर आपल्या घरी आधीच पाहिलेल्या असतात. सहाला वाळूवर उतरलात तर आठला घरी, आंघोळ करून पांढरे कपडे घालून विहारात वंदनेला वेळेवर पोहोचता येते. आमच्या महिला मंडळाच्या पाच-सहा जणी हेच करतात.

हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. वर्तमानपत्रातली भरतीची वेळ पाहून पक्का करावा. एकदा पाणी चढू लागले की ‘अजून एक फेरी’ करू नये. पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, वाळूवर सायकल नकोच. लाटा बेभरवशाच्या असतात, वाळू धुपून खड्डे पडतात आणि निळ्या फुग्यासारखे दिसणारे ब्लू बॉटल किनाऱ्याला लागतात. ते मेलेले दिसले तरी हात लावू नये, दंश होतो. पोलीस किंवा जीवरक्षक एखाद्या भागात सायकल नको म्हणाले तर उतरावे, वाद घालू नये.

आता तब्येतीचे, कारण हे पान त्यासाठी आहे.

साखरेच्या रुग्णांनी वाळूवर अनवाणी उतरू नये. आपण समुद्रावर गेलो की पहिल्यांदा चप्पल काढतो, ती सवय इथे मोडावी लागेल. वाळूत काच असते, माशाचे काटे असतात, बिल्ले असतात. साखर जुनी असेल तर तळव्याला टोचलेले कळतही नाही, आणि आठ दिवसांनी जखम चिघळल्यावर घरच्यांचे लक्ष जाते. बंद बूट आणि मोजे घाला. परत आल्यावर बोटांच्या बेचक्यांसकट पाय पाहा, वाकता येत नसेल तर सुनेला किंवा नातवाला पाहायला सांगा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी निघू नये, वाटेत साखर फार खाली येऊ शकते. हात थरथरले, गार घाम फुटला, डोके गरगरले तर लगेच उतरा आणि तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्या. साखरेची पुडी खिशात ठेवाच. शुगर-फ्रीची गोळी इथे काही कामाची नाही.

बी.पी. 180/110 च्या वर राहत असेल, छातीत दडपण येत असेल, किंवा टी.बी.चे औषध नुकतेच सुरू झाले असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा, मग सायकल. चालवताना छातीत दुखले, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ गेली, तर ‘गॅस असेल’ म्हणून पुढे रेटू नका.

जुहूवर ठिकठिकाणी नाल्यांचे तोंड समुद्राला लागते. ओहोटीला ते काळे पाणी वाळूवरून ओहोळासारखे वाहते आणि तिथली वाळू भुसभुशीत असते. सायकल जोरात घालून मुले ते पाणी उडवतात. पायाला खरचटलेले असेल तर ते पाणी लागता कामा नये. उतरा, सायकल उचला, आणि अरुंद जागेतून पलीकडे जा.

डिसेंबर-जानेवारीत एक अडचण येते. पहाटे रस्ते मोकळे असतात, पण हवा थंड आणि स्तब्ध असल्याने धूर खाली साचून राहतो. दम्याच्या रुग्णांनी या दोन महिन्यांत द्वितीया, तृतीया, चतुर्थी हेच दिवस धरावेत. तेव्हा ओहोटी साडेसात ते नऊच्या दरम्यान येते, ऊन पडून धुके थोडे विरलेले असते.

सायकल चालवताना गुडघे दुखण्याचे एक मोठे कारण खाली केलेली सीट असते. वस्तीतली सायकल सगळ्या घराची असते म्हणून सीट सर्वात लहान मुलाच्या मापाची राहते आणि पन्नाशीच्या काकू गुडघे पोटाला लावून पायडल मारतात. पायडल अगदी खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट वर घ्या. नवशिक्यांचे मात्र उलटे, त्यांचे दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. आमच्या मंडळातल्या बावन्न वर्षांच्या काकूंनी आयुष्यात सायकलला हात लावला नव्हता. लहानपणी भाऊ नळीतून पाय घालून हाफ पायडल मारायचा आणि या मागून पळायच्या. त्यांना आम्ही पायडल काढून शिकवले. दोन्ही पायडल पान्याने खोलून ठेवायचे (डाव्या पायडलचा आटा उलटा असतो, जोर लावून मोडू नका), सीटवर बसून पायाने जमीन ढकलत जायचे. तोल आला की पायडल परत बसवायचे. तिसऱ्या सकाळी काकू वीसेक फूट गेल्या आणि पडल्या. वाळूवर पडल्या म्हणून हसत उठल्या. डांबरावर पडल्या असत्या तर चौथी सकाळ झाली नसती.

वरळी, महालक्ष्मी, ताडदेवच्या वाचकांना तिथी पाहावी लागत नाही. कोस्टल रोडच्या समुद्राकडच्या बाजूला पालिकेने केलेल्या पदपथाचा सव्वापाच किलोमीटर भाग ऑगस्ट 2025 मध्ये लोकांना खुला झाला. प्रियदर्शिनी पार्क ते हाजीअली आणि बडोदा पॅलेस ते वरळी असे त्याचे दोन तुकडे आहेत. तिथे सायकलीसाठी वेगळी पट्टी आहे आणि जाण्यासाठी रस्त्याखालून भुयारी वाट आहे. मुख्य कोस्टल रोडवर आणि सी लिंकवर सायकलीला बंदी आहे, चुकूनही वर चढू नये. सावली फारशी नाही, तेव्हा आठच्या आत आटपावे. तिथे फिरायला येणारी कुटुंबे पट्टीवरून चालतात म्हणून आपली मुले वैतागतात. त्यांना घंटी वाजवून हळू जायला शिकवा. आणि तिथे कुणी मोटारसायकल घातली तर मात्र गप्प बसू नका. वांद्रे-कुर्ला संकुलात 2011 च्या सुमारास खास सायकलमार्ग केला होता. त्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या, आणि तो मोडीत निघाला. सायकलवाल्यांनी वापरला नाही असे कारण पुढे सांगितले गेले. गाड्या उभ्या असताना वापरणार कसा, हे कुणी विचारले नाही.

जुहूच्या वाटेतला सर्वात धोक्याचा भाग वाळूवर नाही, वाळूपर्यंत पोहोचण्यात आहे. जुहू तारा रोड पहाटे रिकामा दिसतो आणि म्हणूनच गाड्या तिथून सुसाट जातात. आम्ही सगळे एका ठिकाणी जमतो, सायकली हातात धरून, दोन मोठी माणसे पुढे-मागे आणि मुले मधे, असा रस्ता एकदम ओलांडतो. काकू आता वाळूवर पूर्ण फेरी मारतात, पण रस्त्यावर सायकल हातानेच ढकलत आणतात. तसेच करावे, त्यात कमीपणा नाही.

घरी आल्यावर सायकल तशीच ठेवू नका. खारट वाळू चेन खाते. नळाला पाणी नसेल तर भांडी विसळून उरलेल्या अर्ध्या बादलीत फडके बुडवून चेन, रिम आणि ब्रेक पुसा, मग फक्त चेनला मशीनचे तेल चार-पाच थेंब. रिमला तेल लागू देऊ नका, ब्रेक धरणार नाही. आमची पहिली चेन महिन्याभरात गंजून तुटली, कारण पुसायचे कुणी हे ठरलेच नव्हते. आता ज्याने शेवटी चालवली तो पुसतो.