डॉर्सेटची छायाचित्रे आणि हार्डीचे वेसेक्स

इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यातील रस्ते, पूल व वास्तू यांची हर्मन ली याने विसाव्या शतकाच्या आरंभी घेतलेली छायाचित्रे टॉमस हार्डीच्या अभ्यासकांना सुपरिचित आहेत. १९१२ पासून निघालेल्या वेसेक्स आवृत्तीची मुखचित्रे त्याचीच. १९१३ मध्ये त्याचा स्वतंत्र सचित्र ग्रंथही निघाला. या कामी खुद्द हार्डीचे साहाय्य होते, म्हणूनच ही चित्रे नेमका कशाचा पुरावा, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’ (१८८६) ही कादंबरी घ्यावी. कॅस्टरब्रिज म्हणजे डॉर्चेस्टर. तेथील ‘किंग्ज आर्म्स’ची पुढे आलेली खिडकी जुन्या छायाचित्रात दिसताच हेंचर्डची मेजवानी इथलीच, असे वाचक मानतो. परंतु कादंबरीत आगगाडी अद्याप गावापासून काही मैल दूर आहे; प्रत्यक्षात ती डॉर्चेस्टरला १८४७ मध्ये पोचली. लीचा कॅमेरा त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळाने तेथे आला.

तरीही ही चित्रे निरुपयोगी नव्हेत. उलट, जिथे ती कादंबरीशी जुळत नाहीत तिथेच ती अधिक बोलकी होतात, असे मला वाटते. ल्युसेटाचे घर कॉलिटन हाउसवरून घेतले आहे. ते मूळ घर बाजारापासून बाजूला आहे. हार्डीने, आणि तो तर व्यवसायाने वास्तुविशारद, ते उचलून थेट बाजारचौकात आणले. ल्युसेटाला खिडकीतून धान्यबाजार आणि त्यातला फारफ्रे दिसणे कथेला आवश्यक होते.