नवजात बाळाला कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन: सीटी स्कॅननंतर थायरॉईडकडेही लक्ष द्या

बाळ एनआयसीयूत आहे आणि डॉक्टर सांगतात, "कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन करावा लागेल." तुम्ही संमतीपत्रावर सही करता, पण एवढ्याशा जिवाला हे इंजेक्शन झेपेल का, ही धाकधूक असतेच.

कॉन्ट्रास्ट म्हणजे काय?

हे आयोडीन असलेले औषध शिरेतून देतात. त्यामुळे हृदय, रक्तवाहिन्या आणि इतर अवयव स्कॅनमध्ये स्पष्ट दिसतात. त्याचे प्रमाण बाळाच्या वजनावरून ठरते.

कोणता त्रास होऊ शकतो?

- शिरेबाहेर गळती: बाळाच्या शिरा फार नाजूक असतात. औषध बाहेर गेल्यास ती जागा सुजते, क्वचित त्वचेला इजा होते.
- मूत्रपिंडावर ताण: नवजात बाळाची मूत्रपिंडे पूर्ण तयार झालेली नसतात. म्हणून लघवीवर लक्ष ठेवतात.
- ॲलर्जी: क्वचित अंगावर पुरळ येते किंवा श्वासाला त्रास होतो.
- थायरॉईड मंदावणे: एका इंजेक्शनमधले आयोडीन बाळाच्या रोजच्या गरजेच्या हजारो पट असते. त्यामुळे ग्रंथी काही काळ काम कमी करू शकते.

थायरॉईडचा त्रास का निसटतो?

कारण बाहेरून बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. टाचेतून रक्त घेऊन केलेली जन्मानंतरची तपासणी नॉर्मल असली, तरी ती कॉन्ट्रास्टच्या आधीची असते. मेंदूच्या वाढीला थायरॉईडचे हार्मोन लागते. त्रास वेळीच कळला तर औषधाने उपचार होतो.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२२ मध्ये सुचवले, की ३ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या थायरॉईडवर कॉन्ट्रास्टनंतर ३ आठवड्यांच्या आत लक्ष ठेवावे. कमी दिवसांची, कमी वजनाची आणि हृदयविकार असलेली बाळे यात जास्त जपायची. प्रत्येक बाळाची तपासणी हवी का, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. म्हणून तुमच्या बाळापुरते विचारून घ्या.

डॉक्टरांना हे विचारा

- सोनोग्राफीने काम भागेल का?
- स्कॅननंतर टीएसएच तपासणी हवी का, कधी?
- डिस्चार्ज कार्डवर कॉन्ट्रास्टची तारीख लिहाल का?

शेवटचा प्रश्न विसरू नका. उपचार चेन्नईत झाले आणि तुम्ही मैलापूरहून बाळाला घेऊन माहेरी सांगलीला गेलात, तर तिथल्या डॉक्टरांना ही तारीख त्या कार्डावरूनच कळेल.

गरजेचा स्कॅन मात्र भीतीपोटी टाळू नका.